सगळेच तैलरंग सारखे सावकाश वाळत नाहीत
तैलरंग आठवडाभर वाळत नाही म्हणून जलरंगवाल्याचा धीर सुटतो, असं म्हणतात ते मला पटतं. पण सगळे रंग सारखेच रेंगाळत नाहीत. जलरंगातलं पाणी उडून जातं. तैलरंगातलं जवसाचं तेल मात्र हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगामधलं मँगनीज ही क्रिया वेगाने घडवतं. 20 वर्षं जलरंगात काढून मी पहिला कॅनव्हास आयव्हरी ब्लॅक या सावकाश वाळणाऱ्या काळ्या रंगाने सुरू केला, तर पाचव्या दिवशीही बोटाला काळं लागत होतं!

आता पहिला थर अंबरचाच, थोडं टर्पेंटाइन घालून. हात मात्र आवरायचा. जलरंगातल्या वॉशइतकं, म्हणजे पाणीदार थराइतकं पातळ केलं की तेल कमी पडतं आणि रंग भुकटीसारखा सुटतो. नदीच्या घाटाचं माझं एक चित्र असंच गेलं, फार जीव लावला होता त्याला.