किल्ट खाली नेसला तर बिघडतं का?

टाकाधागा: एडिनबराच्या लग्नासाठी ८ यार्डांचा, १६ औंस (दर यार्डाचं वजन) लोकरीचा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुष नेसतात तो चुण्यांचा घागरा, शिवायला टाकायचा आहे. जीन्ससारखा कमरेच्या हाडांवर नेसायला आवडेल. काही जण म्हणतात, परंपरेत बसत नाही. ते ऐकायलाच हवं का? आणि स्कॉटिश आडनाव नसताना टार्टन, म्हणजे किल्टची रंगीत चौकड्यांची नक्षी, कुठलं निवडायचं?

चौकडी: यात परंपरेपेक्षा शिवणीचा भाग मोठा आहे. किल्टची उंची नाभीजवळून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत धरतात. मागच्या चुण्या नितंबांपासून कमरेकडे निमुळत्या करत शिवलेल्या असतात. तोच किल्ट खाली ओढला की अरुंद भाग रुंद जागी येतो, बांधायचे पट्टे ताणले जातात, चुण्या फाकतात आणि घेर गुडघ्याखाली लोंबतो. खालीच नेसायचा असेल तर माप देतानाच तसं सांगा; ४-५ यार्डांचा, हलक्या कापडाचा त्याला बरा.

कमरेचं माप नाभीच्या उंचीवर घ्या. जीन्सचा नंबर सांगितला की हमखास घोळ होतो. उंची दुसऱ्याकडून मोजून घ्या, कारण स्वतः वाकून पाहिलं की टेप सरकते.

टाकाधागा: पटलं, नाभीवरच नेसतो. पिन आणि स्पोरानचं (पुढे लटकवायच्या पिशवीचं) काय?

चौकडी: किल्टचे दोन पदर पुढे एकावर एक येतात; पिन फक्त वरच्या पदराला, उजवीकडे खालच्या कोपऱ्यात. दोन्ही पदरांतून घातलीत तर बसताना कापड ताणून फाटतं. स्पोरान पट्ट्याच्या बकलाखाली तीन-चार बोटं. वेस्टकोट घातलात तर रुंद पट्टा काढा, नाहीतर पोटावर फुगवटा दिसतो.

जुनीवीण: टार्टनबद्दल मनात धास्ती ठेवू नका. अमुक क्लॅनचं (कुळाचं) टार्टन इतरांनी वापरू नये असा कायदा नाही. बालमोरल मात्र राजघराण्याचं, ते सोडा. १७४६च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये पुरुषांच्या किल्टवर बंदी आली, ती १७८२मध्ये उठली. १८२२मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, त्या सोहळ्याची आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने केली होती. आडनावागणिक टार्टन ही व्यवस्था मुख्यतः त्याच सुमारास रुजली. त्यामुळे 'प्राचीन नियम' म्हणून कोणी दटावलं तर दबून जाऊ नका. ब्लॅक वॉच किंवा हंटिंग स्टुअर्ट ही टार्टनं कुणीही निर्धास्त नेसावीत. चुण्यांवर टार्टनची पूर्ण चौकट जुळवायची की लष्करी पद्धतीने एकच पट्टी ओळीने आणायची, हीसुद्धा निव्वळ आवड.

चौकडी: तरी एक पथ्य पाळा: नवऱ्याकडची मंडळी कुठलं टार्टन घालणार ते आधी विचारा. मोज्यात स्कीन डू खोचणार असाल तर ती खरी सुरी असते. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका. आत काय घालायचं ते तुम्ही ठरवा. भाड्याचा किल्ट असेल तर अंतर्वस्त्र घालाच.