प्रभाव पुसायचा कशाला?

प्रभाव दिसला की चित्र उसनं वाटतं, हे मत मला पटत नाही. चित्रकार प्रभाकर बरवे १९६१ मध्ये विणकर सेवा केंद्रात, म्हणजे हातमाग विणकरांसाठीच्या सरकारी संस्थेत, नोकरीला लागले आणि बनारसला राहिले. तिथली तंत्रसाधनेतली चिन्हं त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत थेट दिसतात. पुढे मुंबईत घड्याळ, पान अशा साध्या वस्तू एनॅमल रंगात, मोकळ्या अवकाशात आल्या. बनारस गेलं नाही, मुरलं.

माझ्या पहिल्या प्रदर्शनात एक बाई एका चित्राच्या कोपऱ्याशी वाकून म्हणाल्या, "हा गोधडीचा धावदोरा ना?" तुटक पांढऱ्या रेघा होत्या. आजीचे टाके माझ्या हातात उतरलेत, हे मला तेव्हा कळलं. म्हणून प्रदर्शनाचे सातही दिवस मी दालनातच बसते. विक्री होवो न होवो.