अनुभव धागा: नवख्यांचं एचटीएमएल-सीएसएस तपासून देताना काय सांगता?

गोदाकाठ
कॉलेज रोडच्या क्लासमधली मुलं सध्या एकमेकांची वेबपानं तपासताहेत. एचटीएमएल म्हणजे पानाचा सांगाडा, सीएसएस म्हणजे त्याची सजावट. विषय रामकुंड, पांडवलेणी, मिसळ, सगळं नाशिकच. त्यातलं एक पान हाती आलं आणि टेबलात बांधलेल्या वेबसाइटींचा जमाना आठवला, म्हणून धागा.
माझ्याकडून सुरुवात: कोड नंतर वाचा, आधी खिडकी ३६० पिक्सेलपर्यंत आवळा. पान आडवं सरकलं तर कुठेतरी ठोक रुंदी दिलेली असते. खऱ्या फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसली तर हेडमधली (कोडच्या वरच्या भागातली) व्ह्यूपोर्टची ओळ, म्हणजे पान फोनच्या रुंदीचं धर असं सांगणारी, राहिलीय. ती नसली की फोन पान साधारण ९८० पिक्सेलचं धरतो आणि आवळून दाखवतो.

सातपूरकर
शेजारी शेजारी मांडलेल्या कार्डांतलं (चौकटींतलं) तिसरं कार्ड खाली का पडतं? विड्थ ३००, पॅडिंग (आतली मोकळी जागा) २०, बॉर्डर १. दोन्ही बाजू धरून खरी रुंदी ३४२. अशी तीन कार्डं ९०० मध्ये कशी मावतील! बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स, सीएसएसमध्ये सगळ्यात वर, सगळ्या एलिमेंटना (पानातल्या घटकांना), म्हणजे पॅडिंग-बॉर्डर ३०० च्या आतच धरली जाते. मुलं विड्थ २८०, २६० करत बसतात, ते थांबवा.

रेवती_इंदिरानगर
'छान झालंय' एवढंच लिहू नका रे, पोरं वाट बघत असतात. ओळ क्रमांक, काय दिसतंय, का होतंय, एक उपाय. आणि एका वेळी तीनच मुद्दे. मोडलेलं आधी, वाचायला त्रास देणारं नंतर, इंडेंटेशन (कोडच्या ओळी आत सरकवणं) शेवटी.

शिरोरेषा
मराठी पानांसाठी खास, कारण इंग्रजी धड्यांत हे नसतं. हेडिंगला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) २ पिक्सेल दिलं की शिरोरेषा तुटते, 'पंचवटी'ची अक्षरं सुटी सुटी पडतात. देवनागरीला शून्यच ठेवा. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.२ ठेवली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो, १.६ पासून सुरू करा. ठराविक हाइट आणि ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाईल ते लपवा) असलेल्या बटणात 'बुकिंग'चा उकार कापला जातो, तिथे हाइट काढून पॅडिंग द्या.
आणि लँग, म्हणजे पानाची भाषा सांगणारी खूण! एडिटरने भरलेलं 'ईएन' (इंग्रजी) तसंच राहतं. मग स्क्रीनरीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मराठीला इंग्रजी उच्चाराचे नियम लावायला जातो. 'एमआर' (मराठी) करा.

सातपूरकर
@शिरोरेषा उकाराचं लाख बोललात.

द्राक्षबाग
फोटो घरी दिसतो, गिटहब पेजेसवर (पान इंटरनेटवर ठेवायची सेवा) नाही: फाइलचं नाव बघा. एक्स्टेंशन (नावाच्या शेवटचं जेपीजीसारखं) कॅपिटल, कोडमध्ये स्मॉल. विंडोजला चालतं, तिथे चालत नाही. सगळी नावं स्मॉल, स्पेसऐवजी आडवी रेघ. सी ड्राइव्हचा पूर्ण पाथ टाकलेला असेल तर तोही काढायला सांगा.

मखमलाबादची_ताई
मिसळीच्या पानाचं दरपत्रक टेबलात होतं, कुणीतरी 'टेबल वापरू नये' म्हणून सगळं डिव्हमध्ये (साध्या चौकटीच्या टॅगमध्ये) करायला लावलं. का? पान मांडायला टेबल नको, पण पदार्थ-दर-वेळ हा टेबलचाच मजकूर आहे. टीएच (शीर्षकाचा खाना) लावा, त्याला स्कोप (ते शीर्षक ओळीचं की रकान्याचं) द्या, झालं.

द्राक्षबाग
ताई, मिसळ काळ्या मसाल्याची का? भूक लागली.

मखमलाबादची_ताई
हो, पापड आणि दह्यासकट 🙂

रेवती_इंदिरानगर
त्याच पानाचं मेनूबटण भगवं, रंगाचा कोड हॅश एफएफ९९३३, वर पांढरी अक्षरं. कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक) जेमतेम २.१, साध्या मजकुराला ४.५ लागतो. अक्षरं काळी केली की ९.८ होतो, भगवा तसाच राहतो. रंग मुलाच्या आवडीचा असतो, तो बदलायला लावण्याआधी हे करून बघा.

गोदाकाठ
इम्पॉर्टंटचा (बाकी नियमांना दाबून आपलाच लावणाऱ्या शब्दाचा) मारा असेल तर?

सातपूरकर
ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून तपासणीची खिडकी उघडा, एलिमेंट निवडा, खोडलेली ओळ शोधा. वर कुठला नियम जिंकला ते तिथेच दिसतं. बहुतेक वेळा आयडीवर (एकाच घटकाच्या नावावर) लिहिलेला नियम क्लासला (अनेक घटकांच्या सामायिक नावाला) हरवत असतो. आयडीचा क्लास करा, इम्पॉर्टंट आपोआप गळतात. तपासणाऱ्याने स्वतः दुरुस्त करून देऊ नये, ती खोडलेली ओळ पान करणाऱ्यालाच शोधू द्यावी.

शिरोरेषा
अगदी. आणि तपासायला देण्याआधी त्यालाच डब्ल्यूथ्रीसीच्या (वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) व्हॅलिडेटरमधून, म्हणजे चुका दाखवणाऱ्या साधनातून, पान काढायला सांगा. न मिटलेला डिव्ह शोधण्यात दुसऱ्याची संध्याकाळ का घालवायची?

मखमलाबादची_ताई
कुकर झाला, आले. द्राक्षबाग, ५ एमबीच्या फोटोंचं तुम्ही लिहा. ३६० च्या पडद्याला ४००० पिक्सेलचा रामकुंड लावतात पोरं.

द्राक्षबाग
लिहितो. १२०० रुंदी, वेबपी (हलक्या फोटोफाइलचा प्रकार), इमेज टॅगमध्ये विड्थ-हाइट दोन्ही, म्हणजे लोड होताना मजकूर उड्या मारत नाही. सीएसएसमध्ये मॅक्स-विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो. हाइट ऑटो विसरलं की रामकुंड ताणला जातो.