मदत हवी आहे: वडील गेले, त्यांची परवान्याची बंदूक आणि काडतुसं घरातच आहेत, नियमाप्रमाणे कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कृपया पूर्ण वाचून सांगा कारण घरी आई एकटी आहे आणि मला खरंच काळजी लागून राहिलीये.

आमचं गाव कणकवली तालुक्यात. वडिलांकडे बारा बोअरची एकनळी काडतूस बंदूक होती, शेती संरक्षणासाठी घेतलेली, परवाना चाळीसेक वर्षं जुना. भात पोटरीला आलं की रात्री राखणीला जायचे आणि एक बार काढला की डुकरं पळायची. गेली काही वर्षं त्यांना रात्री जाणं जमत नव्हतं, पण नूतनीकरण मात्र कधी चुकवलं नाही, आणि निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करणं आणि परत आणणं हेही तेच करायचे. आम्हा मुलांना त्यातलं काहीच माहीत नाही, हात लावायची परवानगीच नव्हती ना.

फेब्रुवारीत वडील गेले. मी ठाण्याला असतो, बहीण बेळगावला. आता मे महिन्यात आलो आणि माजघरातलं लाकडी कपाट उघडलं तर बंदूक तिथेच, रेक्झिनच्या कव्हरात, आणि खालच्याच खणात बिस्किटाच्या डब्यात काडतुसं. काहींच्या पितळेवर हिरवट चढलंय. कपाटाची किल्ली देवाच्या खोलीत खिळ्याला. पुढच्या आठवड्यात बहिणीची दोन्ही मुलं सुट्टीला येतायत, एक नऊ वर्षांचा एक सहा वर्षांचा, आणि त्या खिळ्यापर्यंत थोरल्याचा हात आरामात पोचतो.

मला विचारायचंय ते असं की परवान्यावर मुदत २०२७ पर्यंत आहे, तर तोपर्यंत घरात नीट कुलपात ठेवली तर चालेल ना? कपाट लोखंडीच लागतं का, काडतुसं वेगळी ठेवावी लागतात का? शेजारच्या काकांकडे स्वतःची परवान्याची बंदूक आहे, ते म्हणाले तोपर्यंत माझ्याकडे ठेव, तसं करता येतं का? की मी ठाण्याला घेऊन जाऊ, तिथे सोसायटीत निदान लहान मुलं घरात नाहीत. आईला विचारलं तर तिचं एकच, "झिला, ती बंदूक खंय देव नको, तेंची आठवण आसा ती." तिचंही मन मोडवत नाही.

प्रतिसाद १

दादा, वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण पहिलं हे समजून घ्या, तुमचा प्रश्न कपाटाचा नाहीये. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. त्यावर २०२७ लिहिलं असलं तरी तुमचे वडील गेले त्या दिवशी तो त्यांच्याबरोबर संपला. आज त्या घरात जी बंदूक आहे तिला कोणाचाच परवाना नाही आणि ती कितीही भारी तिजोरीत ठेवली तरी त्यात फरक पडत नाही.

आमच्याकडे माझे सासरे गेले तेव्हा आम्ही हीच चूक केली होती, दोन महिने तशीच ठेवली. नशिबाने पोलीस ठाण्यातले साहेब समजूतदार होते.

तुमच्या ठाण्याच्या घरी तर अजिबात नेऊ नका!! तुमच्या नावावर परवाना नसताना गाडीत बंदूक सापडली तर "वडिलांची आहे" हे ऐकून कोण सोडणार. आणि काकांनाही नको, त्यांच्या परवान्यावर त्यांच्या बंदुकीचा नंबर लिहिलाय, तुमच्या नाही. तुमच्या मदतीपायी ते बिचारे अडकतील.

धागाकर्ता

बापरे, हे डोक्यातच आलं नव्हतं, मी मुदतीची तारीख बघून निर्धास्त झालो होतो. मग आता मी उचलून पोलीस ठाण्यात नेऊन द्यायची का? ती नेतानाच कोणी पकडलं तर? आणि एकदा दिली की कायमची गेली का, आईला काय सांगू?

प्रतिसाद २

मी वकिली करतो, तालुका कोर्टात ही प्रकरणं येतात म्हणून लिहितो.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ तुमच्यासाठीच आहे. कुठल्याही कारणाने शस्त्र बाळगणं कायदेशीर राहिलं नाही, की ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं. जमा केलं म्हणजे मालकी गेली असं नाही, हे आईंना नक्की सांगा. त्याच कलमात पुढे आहे की वारसाला रीतसर परवाना मिळाला तर ते परत घेता येतं, किंवा ज्याला ठेवायचा अधिकार आहे अशाला विकता येतं. फक्त वर्षानुवर्षं विसरून जाऊ नका, ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर सरकारजमा होऊ शकतं.

विनापरवाना ठेवण्याची शिक्षा कलम २५ मध्ये आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती कमीत कमी २ वर्षं ते ५ वर्षं आणि दंड अशी झालीये. आधी १ ते ३ वर्षं होती. आणि "बंदूक माझ्या हातात नव्हती" याचा उपयोग नसतो, सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्येच गुणवंतलाल प्रकरणात सांगितलंय की ताबा म्हणजे हातातच असायला हवं असं नाही, वस्तू तिथे आहे हे ठाऊक असणं आणि तिच्यावर नियंत्रण असणं पुरे. म्हणजे किल्ली ज्यांच्याकडे त्या तुमच्या आई. घाबरवायला लिहीत नाहीये, पण त्या माउलीच्या नावावर हे नको.

नेताना असं करा. आधी मोकळ्या हाताने पोलीस ठाण्यात जा, मृत्यूचा दाखला, परवान्याचं मूळ पुस्तक आणि साधा लेखी अर्ज घेऊन. अर्जात बंदुकीचा नंबर, काडतुसांची संख्या, वडील कधी गेले ते सगळं लिहा आणि झेरॉक्सवर पोच घ्या. मग कधी आणि कशी आणायची ते त्यांनाच विचारा, बऱ्याचदा ते माणूस पाठवतात. जमा झाल्यावर पावतीवर नंबर परवान्याशी जुळतोय ना ते तिथेच उभं राहून बघा.

हिरवी पडलेली काडतुसं विहिरीत टाकू नका, जाळू नका, फोडून दारू काढायच्या भानगडीत पडू नका. तीही मोजून जमा करायची.

परवाना स्वतःच्या नावावर हवा असेल तर शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसासाठी वेगळी तरतूद आहे, नियम २५. अर्ज जिल्हा दंडाधिकारी म्हणजे कलेक्टरकडे, तुमच्याकडे ओरोसला. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात तो आयुक्तांकडे जातो, आणि तुम्ही राहता ठाण्याला, तर अर्ज नेमका कुठे करायचा हे आधी दोन्हीकडे विचारून घ्या नाहीतर फाइल फिरत राहील. बहिणीचं आणि आईंचं ना हरकत प्रतिज्ञापत्र साधारण मागतातच. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांच्यासाठीही सांगतो, परवानाधारकाने ७० वर्षं पूर्ण केली किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो जिवंतपणीच वारसाच्या नावावर करून देऊ शकतो. तुमच्या वडिलांना हे कोणी सांगितलं असतं तर आज ही धावपळ नसती.

धागाकर्ता

अपडेट देतोय. सोमवारी पोलीस ठाण्यात गेलो, अर्ज दिला, त्यांनी दुसऱ्या दिवशी हवालदार पाठवला. त्याने नळी मोडून बघितली, रिकामी होती, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला, कारण खरं सांगतो मला उघडून बघायची हिंमतच नव्हती. काडतुसं मोजली तर १७, वडिलांच्या वहीतही १७ च लिहिलेली, प्रत्येक काडतूस कधी उडवलं त्याची तारीख लिहून ठेवायचे ते. आई दारात उभी होती, पावती मी तिच्याच हातात दिली आणि सांगितलं की यावर बाबांचं नाव आहे, वस्तू आपलीच आहे. तिने ती देव्हाऱ्यात ठेवलीये.

मुलं काल आली, घर भरलंय.

परवान्यासाठी मी अर्ज करणार आहे, आईसाठी. मग आता मूळ प्रश्न परत विचारतो, मिळाला तर घरी ठेवायची कशी?

प्रतिसाद ३

फार छान केलंत. मी स्वतः परवानाधारक आहे, सांगतो.

अर्ज करतानाच सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था आहे असं लेखी द्यावं लागतं, ते नुसतं सही करायचं कागद समजू नका, चौकशीला आलेला पोलीस कपाट दाखवा म्हणू शकतो. शस्त्र हाताळायचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं, ते मन लावून करा. परवान्यावर काडतुसांचे दोन आकडे असतात, एका वेळी जास्तीत जास्त किती बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची, ते पाठच करा. दुसऱ्या आकड्याच्या नादात पहिला ओलांडणारे खूप बघितलेत. परवान्याची अट मोडली तर कलम ३० खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि परवाना जायची भीती वेगळीच.

बंदूक रिकामी, नळी वेगळी करून, ट्रिगर लॉक लावून लोखंडी कपाटात. काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नकोत. किल्ली कुठे आहे हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत नसावं, आईंनाही नाही. तुम्ही ठाण्याला आणि बंदूक गावाला हे मला पटत नाही, परवानाधारक तुम्ही तर ती तुमच्या ताब्यात हवी, बाहेर असाल तेवढे दिवस परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवा, भाडं घेतात पण पावती मिळते.

रेक्झिनचं कव्हर मात्र काढून टाका. कोकणातल्या पावसाळ्यात ते ओल धरतं आणि नळी आतून गंजते. सुती फडक्याने तेलाचा हात फिरवून उघडीच कपाटात ठेवायची, जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांनी बघायची. आणि घर चिऱ्याचं म्हणजे जांभा दगडाचं असेल तर कपाटाचे बोल्ट नुसत्या जांभ्यात धरत नाहीत, गवंड्याकडून तेवढ्या जागी काँक्रीट भरून मग बसवून घ्या.