अनुभव धागा: विभागातले अबोले आणि विभागातला चहा

खडूफळा
काल जुन्या विभागाच्या ग्रुपवर निरोप समारंभाचा फोटो आला. शाल-श्रीफळ देणारे आणि घेणारे हे दोन्ही सर, मी तिथे होते तोवर एकमेकांशी फक्त आवक-जावक रजिस्टरमधून बोलायचे! मूळ काय, तर विभागप्रमुखपद. पाळी एकाची होती, दुसऱ्याने सेवाज्येष्ठता यादीवर हरकत घेतली. मग एकाच्या केबिनमध्ये दिसलेला पीएचडीचा विद्यार्थी दुसऱ्याच्या लेखी 'त्यांच्या गटातला'. पुढे एका मॅडमकडे पदभार आला. त्यांनी वेळापत्रक बंद खोलीत केलंच नाही, सगळ्यांसमोर टेबलावर पसरलं. सकाळचा पहिला तास आधी स्वतःच्या नावावर लावला आणि पेन्सिल पुढच्याच्या हातात दिली. निम्मी कुरबुर तिथेच संपली. तुमच्याकडचं लिहा. कॉलेजची, माणसांची नावं नकोत प्लीज.

तासिकावाली
मी सीएचबी, म्हणजे तासांवर मानधन मिळणारी शिक्षिका. आमच्याशी कोणी भांडत नाही हो, भांडायला आधी माणूस दिसावा लागतो. बैठकीच्या नोटिशीवर आमची नावंच नसायची. नॅक, म्हणजे कॉलेजला श्रेणी देणारी समिती, आली की मात्र "आपण सगळे एक कुटुंब", फायली लावायला रात्री आठपर्यंत. एका सरांनी बैठकीत सरळ विचारलं, दुसरा पेपर ह्या शिकवतात, मग अभ्यासक्रमाची चर्चा ह्यांच्याशिवाय कशी? तेव्हापासून खुर्ची मिळते. मानधनाचं विचारू नका.

पिंपळपान
विचारतेच. कधीचं राहिलंय?

तासिकावाली
बिल वर गेलंय म्हणतात. ते कायम वरच असतं.

माजी मास्तर
आमच्या वेळीही कंपू होते, पण 2010 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमावलीत एपीआय, म्हणजे पेपर-सेमिनारचे गुण मोजायची पद्धत, आली आणि प्रत्येकजण स्वतःचा हिशेबनीस झाला. सेमिनारचं पत्रक आलं की खणात. दुसऱ्याला कळलं तर त्याचे गुण वाढतील ना! शेजारी बसणारे गृहस्थ गोव्याला पेपर वाचून आले ते आम्हाला त्यांच्या मुलाकडून कळलं. काजू आणले होते म्हणे. आमच्यापर्यंत पोचले नाहीत.

रसायनवाला
म्हणून तर यूजीसीचा 2018 चा नियम मला आवडतो. दोघांचा मिळून पेपर असेल तर दोघांनाही 70-70 टक्के गुण. शंभराचे एकशेचाळीस! आमच्या विभागातले दोन हाडवैरी त्यामुळे सहलेखक झालेत. प्रेम नाही, पण दार आपटणं बंद आहे. मला तेवढं पुरतं.

पिंपळपान
काजूंचं फार वाईट झालं सर. 😄

नदीकाठ
मला हे 'सगळं गोडीगुलाबीने' प्रकरण पटत नाही. आमचे एक प्रमुख इतके गोड की बैठकीत कोणी विरोधी मत मांडलं की "आपण नंतर बोलू" म्हणायचे. नंतर कधी आलंच नाही. इतिवृत्तात मात्र 'सर्वानुमते मंजूर'. त्यापेक्षा आधीचे तापट सर बरे. तावातावाने भांडायचे, पण तुमचं मत तुमच्या नावासकट लिहून घ्यायचे. आणि विद्यार्थ्यांसमोर सहकाऱ्याबद्दल वाकडा शब्द नाही, कधीच.

माजी मास्तर
हे खरं. 2013 च्या प्राध्यापकांच्या परीक्षा बहिष्कारात आमचा विभाग उभा फुटला. पगाराची थकबाकी आणि नेट-सेट ही पात्रता परीक्षा नसलेल्यांचा प्रश्न, त्यात मुलांचे निकाल लटकलेले. बहिष्कार न घालता काम करणाऱ्यांच्या डब्यात कोणी हात घालेना. एका मॅडमनी दुपारी दोन्ही बाजूंना पुरेल एवढी साबुदाण्याची खिचडी आणायला सुरुवात केली. त्या स्वतः बहिष्कारात होत्या. म्हणायच्या, मुद्दा आहे तिथे भांडू, जेवताना नाही.

खडूफळा
किती छान! आमच्याकडे चहाच्या वर्गणीवरून दोन गट होते. साखरेचा आणि बिनसाखरेचा.

रसायनवाला
आमच्याकडे चहा लॅब असिस्टंट काका करायचे, बीकरमध्ये. कोणी नवीन असेल तर त्याला सांगायचे नाहीत.

पिंपळपान
शी!! अहो मी रसायनशास्त्राच्या विभागात चहा प्यायलेय.

तासिकावाली
हाहा. चला, कॅपला, म्हणजे उत्तरपत्रिका तपासायला, निघतेय. यंदा गठ्ठे कुठल्या मजल्यावर मिळतायत, कोणाला माहितीये का? लिफ्ट बंद आहे असं ऐकलं.

नदीकाठ
तिसऱ्या. पाण्याची बाटली घेऊन जा ताई, आणि ओळखपत्र विसरू नका, दारावरचे काका सोडत नाहीत.