बिबट्यांवरच्या संशोधनाचं वजन मोजायचं कसं?

प्रवराकाठची
नमस्कार मंडळी. मी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव संगमनेरजवळ. प्रकल्पासाठी एका वन्यजीव शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीवर लिहायचंय. मी डॉ. विद्या अत्रेय यांना निवडलं, कारण त्यांचं मोठं काम आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यातलं. सर म्हणतात, निबंध किती आणि त्यांचे दाखले किती जणांनी दिले ते काढ. ते काढीन. पण आमचे आबा विचारतात, "त्या बाईंच्या अभ्यासानं आपल्या गोठ्यात काय फरक पडला?" त्यांना काय सांगू?

निवृत्त वनपाल
ताई, आबांच्या प्रश्नापासूनच लिहायला घ्या.

2001 नंतरची दोन-तीन वर्षं जुन्नर पट्ट्यात बिबट्या दिसला की पिंजरा, आणि सापडला की लांबच्या जंगलात नेऊन सोडायचा, असं चाललं होतं. मी दुसऱ्या विभागात होतो, पण रीत तीच. एक मादी मी स्वतः सोडलीय. रात्री दोनला घाटात गाडी उभी केली, टपावर चढून पिंजऱ्याचं दार दोरानं वर ओढलं. वाटलं, सुसाट पळेल. ती चार पावलं गेली, नाक वर करून वारा हुंगला, आणि ज्या रस्त्यानं आम्ही आलो होतो त्याच रस्त्यानं परत चालू लागली. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, ही घरी निघाली." मी फक्त गाडीची काच वर केली.

बाईंनी हीच गोष्ट हिशेबात मांडली. जुन्नर भागात आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते. बिबटे हलवणं सुरू झाल्यावर ते 17 च्या घरात गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं, बिथरलेलं जनावर वस्त्यांमधून वाट काढतं. शिवाय इकडे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरं येतंच. हा निबंध 2011 चा, 'कॉन्झर्वेशन बायोलॉजी' या विज्ञान नियतकालिकातला. त्याच वर्षी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची बिबट्यांबाबतची मार्गदर्शक तत्त्वं आली. नुसता दिसला म्हणून पकडू नका, हे त्यात आलं. आम्हा खालच्या लोकांना त्याचा केवढा आधार झाला! गाव पिंजरा मागायचं, तेव्हा दाखवायला हातात कागद होता.

आणि 'आजोबा' सोडू नका. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला वयस्क नर. गळ्यात ठावठिकाणा कळवणारा जीपीएस पट्टा घालून माळशेजला सोडला, तर गडी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत कुणावर हल्ला नाही. 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीखाली गेला. मला अजून वाईट वाटतं.

ठिपकेमोज्या
मी कॅमेरा ट्रॅपवर, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांवर, काम करतो. सरांसाठी बाईंचा 2013 चा 'प्लॉस वन' या नियतकालिकातला निबंध घ्या, कुणालाही फुकट वाचता येतो. अकोले तालुक्यातल्या खोऱ्यात, उसात आणि वस्तीत, दर 100 चौरस किलोमीटरला 4.8 प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकेच तरस. माणसं? दर चौरस किलोमीटरला 300 च्या वर. प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे, त्यावरून ओळख पटते. ही पद्धत वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथांनी कर्नाटकातल्या नागरहोळेच्या वाघांवर वापरली होती, तो निबंध 1995 चा. राखीव जंगलातली रीत गावशिवारात आणली, यात बाईंचं मोठेपण आहे. तोवर उसातला बिबट्या म्हणजे जंगलातून चुकून आलेला, असंच सगळे धरून चालायचे.

आबांसाठी विष्ठेचा अभ्यास सांगा. बिबट्याच्या खाण्यात वजनानं 39 टक्के कुत्री निघाली. शेळ्या गावात कुत्र्यांहून कितीतरी जास्त, तरी त्यांचा वाटा खूप कमी. कारण शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात आणि कुत्री मोकाट. गोठ्याला भक्कम दार आणि वरून जाळी, हा सल्ला त्यातूनच येतो.

आळेफाटा
सगळं मान्य. पण माझ्या बहिणीचा मुलगा संध्याकाळी ओसरीवरून ओढला गेला होता. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून वाचला, मानेवर वळ अजून आहेत. तिच्यासमोर मी 4.8 हा आकडा काढू शकत नाही.

निवृत्त वनपाल
काढूही नका. जो माणसावर येतो तो पकडायलाच हवा, मार्गदर्शक तत्त्वांतही त्याला मनाई नाही. मला सलतं ते वेगळंच. आम्ही हाती लागेल तो उचलत होतो. हल्ला करणारा तोच होता का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही, मीही नाही. मुलाला माझा आशीर्वाद सांगा.

प्रवराकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. आबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण कंदील घेऊन गोठ्याची कडी बघून आले. एक विचारायचं राहिलं. परवा आमच्या फडात तोड सुरू होतेय. बछडी सापडली तर?

निवृत्त वनपाल
फोटो काढायला गर्दी करू देऊ नका, हात तर अजिबात लावू नका. टोळीला दुसऱ्या टोकाला तोडायला लावा, वनरक्षकाला फोन करा. पिल्लं त्याच जागी राहिली तर अंधार पडल्यावर आई येते आणि एकेक उचलून नेते. तोवर तेवढा ऊस उभा ठेवा.