कापसाच्या खोलीत होम थिएटर: वर टिनं आहेत, वडिलांना कमी ऐकू येतं, सुरुवात कुठून करू?

काळीमाती_दर्यापूर:

नमस्कार मंडळी. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. घराच्या मागच्या अंगाला कापूस भरून ठेवायची जुनी खोली आहे. आतून २० फूट लांब, १२ फूट रुंद, टिनांपर्यंत उंची ११ फूट. भिंती मातीच्या, दीड फूट जाड. एक दार, दोन झरोके. आता वेचलेला कापूस आम्ही घरी ठेवत नाही, थेट जिनिंगवर घालतो, म्हणून खोली रिकामी पडली आहे. तिथं होम थिएटर करायचं मनात आहे.

हे सगळं बाबांसाठी. तरुणपणी टुरिंग टॉकीज ज्या जत्रेत लागेल त्या जत्रेला ते पायी जायचे. आता वय ७६. टीव्हीचा आवाज इतका वाढवतात की गल्लीच्या टोकाला ऐकू जातो, आणि तरी मलाच विचारतात, "काय म्हणते रे तो?" कानाचं यंत्र आहे, पण टीव्हीपुढे बसले की गलका होतो म्हणून काढून ठेवतात. त्यांना एक पिक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळी वाक्यं समजून पाहता यावा, एवढंच मला पाहिजे. त्यांचे दोस्तही येतील, म्हणजे आठ-दहा माणसं धरा.

अमरावतीत एका दुकानात गेलो तर त्यांनी ७.१ चा सेट, म्हणजे सात स्पीकर, आणि बेससाठी १२ इंची सबवूफर दाखवला. आवाज छातीत भरतो, पण बोलणं समजायला तिथं मलाही कान द्यावा लागत होता. बजेट खोलीच्या कामासकट अडीच लाख. टीव्ही घेऊ की प्रोजेक्टर? आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, त्याचं काय करू? उन्हाळ्यात कूलर लावला तर चालेल का? आणि एक जण म्हणाला की भिंतींना घरचाच कापूस भरून घे, फुकटात काम होईल. हे खरं आहे का?

संत्री_वरुड:

भाऊ, मॅच दिवसा दार उघडं ठेवून पाहणार असाल तर ७५ इंची टीव्हीच घ्या. उजेडात प्रोजेक्टरचं चित्र फिकं पडतं. फक्त रात्रीच पाहायचं असेल तर प्रोजेक्टरची मजा वेगळी आहे. ऑनलाइन स्वस्तातले "९००० लुमेन" वाले घेऊ नका, पेटीवर एएनएसआय लुमेन (ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला खरा उजेड) किती लिहिले आहेत ते पाहा. १०० इंची पडद्याचं क्षेत्रफळ साधारण ३० चौरस फूट होतं. पूर्ण अंधारात सिनेमा हॉलइतकं उजळ चित्र पडायला तिथं खरे ५०० लुमेनही पुरतात. त्यामुळे खरे १५०० असले तरी भरपूर झाले.

झाडीचा_आवाज:

दादा, मी वडसा-देसाईगंजकडचा. झाडीपट्टीच्या नाटकांना साउंड देतो. दिवाळीनंतर आमचा हंगाम लागतो, मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावांत रात्र-रात्रभर प्रयोग चालतात. आमच्याकडे बेस कमी पडला म्हणून कोणी उठून जात नाही. वाक्य समजलं नाही तर मात्र मागच्या सतरंजीवरची माणसं आपसात बोलायला लागतात आणि नाटक तिथंच पडतं. म्हणून तुमची खोली मी बाबांच्या खुर्चीवर बसून पाहतो.

वयानं ऐकू कमी येतं तेव्हा बहुतेकांचे आधी उंच पट्टीतले बारीक आवाज जातात. बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि ताकदीचे असतात. स, श, त, फ यांचा जीव २००० हर्ट्झच्या वर, आणि तोही नाजूक. म्हणून कोणी बोलत आहे हे बाबांना कळतं, काय बोलत आहे ते सुटतं. व्हॉल्यूम वाढवला की स्वर आणि पार्श्वसंगीत दोन्ही वाढतात, व्यंजन त्यांच्याखाली दबलेलंच राहतं. त्यात उघड्या भिंती आणि टिनं आवाज परत फेकतात, एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते. कानाच्या यंत्रातून गलका वाटतो त्यातही या घुमण्याचा मोठा वाटा असतो. दुकानातल्या काचा-फरशीच्या हॉलमध्ये तुम्हाला कान द्यावा लागला तोही यामुळेच. ७.१ घेऊन यातलं काही सुटत नाही.

पहिला पैसा छपरावर घाला. पावसात टिनाखाली बोलून पाहा, शेजारच्याचं ऐकू येत नाही. मे महिन्यात तीच टिनं भट्टी होतात. आणि बेस वाजला की पत्रा खिळ्यापाशी झणझणतो. तीनही दुखण्यांना औषध एकच आहे. टिनांच्या खाली भिंतीवर टेकलेली वेगळी चौकट करा, तिला १२ मिलिमीटर जिप्सम बोर्ड मारा आणि बोर्डावर ५० मिलिमीटर रॉकवूल अंथरा. चौकट टिनाला किंवा त्याच्या अँगलला कुठंही बांधू नका, नाहीतर पावसाचा आवाज लाकडातून खाली उतरतो. टिन आणि बोर्डामधली गरम हवा जायला दोन्ही टोकांना जाळी लावून वाट ठेवा. जाळी बारीक घ्या, उंदीर शिरतात. उंची साडेनऊ फूट राहील, ती पुरे.

कापूस भरू नका. आवाज तो शोषतो, यात खोटं काही नाही. पण ज्या भिंतीतून वायर जाणार तिथं कापूस म्हणजे ठिणगीची वाट पाहणं आहे. शिवाय उंदीर, किडे आणि पावसाळ्यातली ओल. रॉकवूल दगडापासून बनतं, पेटत नाही. ४८ घनतेच्या (घनमीटरला ४८ किलो), दोन इंची स्लॅबा आणा, २ बाय ४ फुटांच्या लाकडी चौकटीत बसवा आणि वरून गोणपाट किंवा सुती कापड ताणा. कापडातून तोंडानं फुंकर आरपार गेली पाहिजे, तेवढीच त्याची परीक्षा. हाताळताना तोंडाला फडकं बांधा, अंग खाजतं. अशी तयार झालेली पाटी भिंतीपासून दोन इंच पुढं ठेवली तर जास्त खालच्या पट्टीपर्यंत काम करते. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांचा काही उपयोग नाही, आणि दोन्ही पेटतात.

पाट्या कुठं लावायच्या ते आरसा सांगतो. बाबांच्या जागेवर बसा. कोणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला लावा. आरशात स्पीकर दिसला की तिथं पाटी. दोन्ही बाजूंना असं करा आणि दोन-तीन पाट्या मागच्या भिंतीला लावा. जमिनीवर जाड सतरंजी. माणसं बसली की तीही आवाज शोषतात, त्यामुळे रिकाम्या खोलीत जरासं घुमलं तर घाबरू नका.

आता बैठक. पडदा १२ फुटी भिंतीवर घ्या. १०० इंची पडदा ८७ इंच रुंद असतो, दोन्ही बाजूंना स्पीकरपुरती जागा उरते. बाबांची खुर्ची पडद्यापासून साडेबारा फुटांवर ठेवा. चित्र साधारण ३२ अंशांत दिसेल, मान फिरवावी लागणार नाही. खोलीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे १० फुटांवर, बसवू नका. २० फूट लांबीच्या खोलीत २८ हर्ट्झच्या आसपासचा बेस मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो आणि ५६ च्या आसपासचा तिथंच फुगतो. मागच्या भिंतीला टेकूनही नको, तिथं सगळाच बेस फुगतो. फुगलेला बेस बोलण्यावर चादर ओढतो.

स्पीकर ३.१ पासून सुरू करा, म्हणजे डावा, मधला, उजवा आणि एक सबवूफर. ५.१ च्या मिक्समध्ये बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, म्हणून स्पीकरच्या पैशांतला सगळ्यात मोठा वाटा त्या एका डब्याला द्या. तो पडद्याच्या खाली ठेवा आणि तोंड बाबांच्या कानाकडे उचला. टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकलून ठेवतात तसा ठेवू नका, बोलणं पेटीतून आल्यासारखं येतं. डावा-उजवा दहा फुटांच्या अंतरावर. रिसीव्हरमध्ये (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटणारा ॲम्प्लिफायर) मधला ३ डेसिबल वर घ्या, सबवूफरचा क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या पट्टीखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती हद्द, ८० हर्ट्झवर ठेवा आणि नाइट मोड लावा. नाइट मोडनं मोठे आवाज दबतात, हळू बोललेलं वर येतं. मागचे दोन स्पीकर पुढच्या वर्षीच्या कापसावर घ्या, फक्त त्यांच्या वायरसाठी पाइप आत्ताच भिंतीत टाकून ठेवा.

आयटीआय_ताई_अकोला:

विजेचं मी सांगते, आयटीआयमध्ये हाच विषय शिकवते.

पडलेल्या व्होल्टेजची फार भीती बाळगू नका. टीव्ही आणि बहुतेक प्रोजेक्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतात. रिसीव्हरमध्ये मात्र जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला स्टॅबिलायझर द्या. खरा धोका न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटण्याचा आहे. खांबावरचा न्यूट्रल सुटला की सिंगल फेजच्या घरात ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात आणि क्षणात सगळं जळतं. त्यासाठी मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज कट-ऑफ बसवून घ्या. ठरलेल्या मर्यादेच्या वर-खाली गेलं की तो लाइन तोडतो. छोटी वस्तू आहे, पण सगळ्यांत आधी हीच घ्या. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (वीज गळून शॉक बसायला लागला की लाइन तोडणारा स्विच) लावा.

दुसरं अर्थिंग. तुमच्याकडे खारी जमीन, साधा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप लवकर गंजतो. तांब्याचा मुलामा असलेला रॉड घ्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि रॉडला सोडते, म्हणून एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी घालत जा. मीटर लावून मोजून घ्या, ५ ओहमच्या आत आलं पाहिजे. अर्थिंग नीट नसेल तर सर्ज प्रोटेक्टर (अचानक उसळलेलं व्होल्टेज अडवणारा) नुसता शोभेला राहतो.

स्पीकरमधून सारखी "हूं" येत असेल तर प्रोजेक्टर, रिसीव्हर, सेट-टॉप बॉक्स सगळं एकाच बोर्डावर घ्या. वेगवेगळ्या खोल्यांतून लाइन ओढली की हे होतं. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरही गुणगुण येते, साइन वेव्हचाच घ्या. आणि मृगाच्या तोंडावर किंवा सप्टेंबरमध्ये विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा आणि डिशची वायरही काढा. लोक प्लग काढतात आणि छपरावरच्या छत्रीची वायर तशीच ठेवतात, वीज तिथूनही आत येते.

काळीमाती_दर्यापूर:

ताई, झाडीवाले भाऊ, तुमचे उपकार. छपराचा विचार मी केलाच नव्हता, मिस्त्रीला उद्याच बोलावतो. बाबांना आरशाचं सांगितलं तर म्हणाले, आरसा मीच धरतो. आमचा जुना कूलर मोठा आहे. तो झरोक्याला लावला तर भागेल का? आणि कापसाचा तंतू कोपऱ्या-कोपऱ्यात आहे, झाडूनही निघत नाही.

झाडीचा_आवाज:

कूलर या खोलीला नको, दादा. कूलरला हवा बाहेर काढायला उघडी वाट लागते. ती ठेवली तर उजेड येईल आणि आवाज बाहेर जाईल. त्याचा पंखा नेमका बाबांची व्यंजनं खातो. शिवाय खारपाण्यानं खसाच्या ताट्या मिठानं दगड होतील आणि दमट हवा लेन्सवर बसेल. बहुतेक प्रोजेक्टर ३५ अंशांपर्यंतच चालवा म्हणून पुस्तिकेत लिहिलेलं असतं, आणि तुमच्याकडे मे महिना ४५ दाखवतो. छप्पर केल्यावर दीड टनाचा इन्व्हर्टर एसी पुरावा. त्याची लाइन मीटरपासून वेगळी ओढा. तो पिक्चरच्या अर्धा तास आधी लावायचा आणि पिक्चर लागला की पंखा सगळ्यात हळू. बजेट बसत नसेल तर सबवूफर थांबवा, एसी थांबवू नका.

तंतू ओढून काढायला व्हॅक्यूम भाड्यानं आणा, मग भिंतींना चुना द्या. पडद्याची भिंत आणि तिच्या लगतचा चार फूट भाग गडद रंगवा. तंतू राहिला तर प्रोजेक्टरची जाळी महिन्यात बुजेल.

खरेदीच्या आधी एक काम करा. छप्पर आणि पाट्या झाल्या की जुनाच टीव्ही त्या खोलीत न्या आणि बातम्या लावा. बाबांना यंत्र कानात घालून साडेबारा फुटांवर बसवा आणि निवेदकाचं वाक्य ऐकून परत म्हणायला सांगा. आधी घरातल्या बैठकीत हेच करून पाहा म्हणजे फरक दिसेल. आणि यंत्र ज्यांनी बसवलं त्यांना विचारा की त्यात ब्लूटूथ किंवा टेलिकॉइल (आवाज बिनवायरी पकडणारी छोटी कॉइल) आहे का. असेल तर टीव्हीचा आवाज सरळ यंत्रात घेता येतो, बाकीच्यांना स्पीकरवर चालू राहतो.

दाराचं माप आणि फोटो टाका. जुन्या दाराच्या फळ्यांत फटी असतील तर दीड फुटी भिंतीचा काही फायदा नाही. चौकटीला रबराची पट्टी कशी मारायची ते फोटो पाहून सांगतो.